धक्का द्यायच्या आधी अडलंय कुठे ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय: छोट्या कारखान्यांतले बदल आणि मालकांच्या हातातली साधनं

आपल्या उद्योगाच्या पानावर नेतृत्व, बदल, डिजिटल वगैरे विषयांवर लेख येतात ते मी नेमाने वाचते. चांगले असतात, पण ते बहुतेक हजारो माणसांच्या कंपन्यांबद्दल असतात जिथे एचआर वेगळा, आयटी वेगळा, आणि बदल राबवायला वेगळी टीम असते. आमच्या इंदूरमध्ये सांवेर रोडला किंवा पालद्याला जा, तीस-चाळीस माणसांचा कारखाना असतो, मालकच खरेदी बघतो, मालकच बँकेत जातो आणि भांडणं पण तोच मिटवतो. अशा माणसाला व्हिजन स्टेटमेंट लिहा म्हणून सांगून काही होत नाही. त्याला सोमवारी सकाळी शेडमध्ये शिरल्यावर नेमकं काय करायचं ते हवं असतं, म्हणून हे पत्र.

मी अशा कारखान्यांमध्ये अकाउंट्स आणि स्टोअरचं काम कॉम्प्युटरवर बसवून द्यायचं काम करते, गेली बरीच वर्षं. जीएसटी आला तेव्हा, ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आलं तेव्हा, आता ईआरपी (सगळ्या विभागांचा हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि नवे लेबर कोड (कामगार कायदे), प्रत्येक वेळी मालक लोकांची एकच तक्रार ऐकते की "माणसं ऐकत नाहीत, जुनीच सवय आहे, बदलायलाच तयार नाहीत". मला हे पटत नाही. माणसं बदलायला तयार नसतात असं नाहीये, त्यांना त्या बदलात स्वतःचं काहीतरी जाताना दिसत असतं आणि ते कोणी विचारत नाही. मालक मग अजून जोर लावतो, दंड लावतो, कॅमेरा लावतो, आणि जेवढा जोर लावतो तेवढा समोरचा घट्ट होतो.

एक उदाहरण सविस्तर सांगते, नावगाव सांगत नाही. गाड्यांचे छोटे पार्ट बनवणारं युनिट आहे. मालकाने चांगले पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतलं, कंपनीचा मुलगा येऊन दोन दिवस ट्रेनिंग देऊन गेला, आणि नियम झाला की कॉम्प्युटरच्या स्लिपशिवाय स्टोअरमधून एक बोल्ट पण बाहेर जाणार नाही. कागदावर एकदम बरोबर. पण रात्रपाळीला स्टोअरकीपर नसतो, चावी सुपरवायझरकडे असते, आणि रात्री अडीच वाजता टूल तुटलं तर मशीन बंद ठेवून सकाळची वाट कोण बघणार, तो टूल काढणार आणि सकाळी आठवेल तसं सांगणार. त्यात हीट ट्रीटमेंटला बाहेर गेलेला माल, जॉब वर्कच्या चलनावर परत आलेला माल, त्यातला रिजेक्ट निघालेला माल, हे सगळं पूर्वी स्टोअरकीपरच्या डोक्यात आणि त्याच्या लाल वहीत असायचं. महिनाभरात कॉम्प्युटरचा स्टॉक आणि रॅकवरचा माल यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. मालकाने कॅमेरा बसवला, दंड लावला. मग एन्ट्र्या वाढल्या, पण त्या खोट्या एन्ट्र्या होत्या, म्हणजे आकडा जुळवून टाकलेल्या, आणि खरा हिशोब ड्रॉवरमधल्या लाल वहीत चालूच राहिला.

त्या स्टोअरकीपरला वीसेक वर्षं झाली होती तिथे, नवीन शिकायचं नाही असा स्वभाव अजिबात नव्हता, मोबाइलवर सगळं करायचा, पोरीचा कॉलेजचा फॉर्म त्यानेच ऑनलाइन भरला होता. एकदा दुपारी शेड रिकामी असताना मी त्याच्याजवळ बसले आणि सॉफ्टवेअर सोडून बाकीच्या गोष्टी बोलत राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मॅडम, कंप्यूटर में माल कम निकला तो मेरी पगार से कटेगा क्या?"

सगळी गोष्ट त्या एका प्रश्नात होती. सॉफ्टवेअरमध्ये ओपनिंग स्टॉक म्हणून जो आकडा टाकला तो जुन्या वहीतून उचललेला होता, कोणी मोजलेलाच नव्हता. वर्षानुवर्षांची घट त्यात मुरलेली होती, थोडी गंजून गेलेली, थोडी वजनात मार खाल्लेली, काही खरोखर गेलेली असेल. नवीन सिस्टिम नीट चालू झाली की पहिल्याच महिन्यात ती सगळी घट त्याच्या नावावर दिसणार होती. अशा परिस्थितीत एन्ट्री नीट करणं म्हणजे स्वतःविरुद्ध कागद तयार करणं, ते कोण करेल?

मालकाशी बोलले. त्याला पटायला वेळ लागला पण पटलं हे त्याचं मोठेपण. एका रविवारी कारखाना बंद ठेवून सगळा माल हाताने मोजला, निघाली ती घट मालकाने स्वतःच्या सहीने माफ केली आणि तसा कागद स्टोअरकीपरला दिला. रात्रपाळीच्या सुपरवायझरला मोबाइलवर वेगळं लॉगिन दिलं आणि फक्त रात्री लागणाऱ्या टूल्सचं छोटं कपाट वेगळं केलं. दंड बंद. त्यानंतर लाल वही हळूहळू पातळ होत गेली. आजही रात्रीच्या एखाददुसऱ्या एन्ट्रीची बोंब असते, नाही असं नाही, पण आकडे खरे असतात.

हे जे केलं त्याला व्यवस्थापनात नाव आहे, फोर्स फील्ड अ‍ॅनालिसिस, आणि माझ्या मते छोट्या मालकासाठी याच्यापेक्षा कामाचं दुसरं साधन नाही. कर्ट लेविन नावाचा मानसशास्त्रज्ञ होता, जर्मनीत हिटलर आल्यावर 1933 मध्ये अमेरिकेत गेला, 1947 मध्ये वारला, त्याची ही कल्पना. पद्धत एवढीच की एक कागद घ्यायचा, मधे रेघ मारायची, डावीकडे हा बदल पुढे ढकलणाऱ्या गोष्टी लिहायच्या आणि उजवीकडे अडवणाऱ्या. लेविनचं म्हणणं असं की आपण सगळे डावी बाजू वाढवायला जातो, म्हणजे अजून दबाव, अजून बक्षीस, अजून भाषण, त्याने ताण तेवढा वाढतो. उजव्या बाजूचं एखादं कारण कमी केलं तर बदल कमी ताणात होतो. वर सांगितलेल्या कारखान्यात डावीकडे सॉफ्टवेअर, ट्रेनिंग, नियम, कॅमेरा, दंड अशी पाच कारणं होती आणि उजवीकडे दोनच, न मोजलेला स्टॉक आणि रात्रीची चावी. ती दोन काढली.

पण उजवी बाजू मालकाने केबिनमध्ये बसून भरायची नाही, इथेच बहुतेक जण चुकतात. केबिनमध्ये बसून भरली तर तिथे "आळस", "जुनी सवय", "शिक्षण कमी" असले शब्द येतात आणि त्यावर काही करताच येत नाही. ती बाजू ज्याचं काम बदलणार आहे त्याला विचारून भरायची असते, आणि ती पण सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये नाही. मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात.

माणसांना विचारल्याने फरक पडतो का याचा अभ्यास पण त्याच काळात झालाय. युद्धाच्या दिवसांत अमेरिकेत चांगल्या मांसाची टंचाई होती, तेव्हा गृहिणींनी काळीज, गुर्दे वगैरे घरात रांधावं म्हणून लेविनच्या लोकांनी प्रयोग केला. काही बायकांना तज्ज्ञाचं भाषण दिलं, काहींना गटात बसवून आपसात अडचणी बोलायला लावल्या, घरच्यांना आवडणार नाही, वास येतो वगैरे, आणि शेवटी कोण करून बघणार ते हात वर करून ठरवलं. भाषण ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी ते मांस घरी केलं आणि गटात बोललेल्यांपैकी 32 टक्के. माहिती दोघींना साधारण तीच होती.

दुसरा अभ्यास तर आपल्या रेडीमेडवाल्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी हारवुड नावाचा पायजमे शिवायचा कारखाना होता, लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी तिथलं काम बघून 1948 मध्ये लिहिलं. कारखान्यात कामाची पद्धत बदलली की उत्पादन पडायचं आणि बायका नोकरी सोडून जायच्या. बदल केवढा तर इस्त्री करणाऱ्या एका गटाला अर्धा डझनाची चळत पुठ्ठ्यावर रचायच्या ऐवजी खोक्यात रचायची होती, बस एवढंच. त्या गटाला नेहमीसारखं बोलावून सांगितलं की उद्यापासून असं, नवीन दर हा, काही शंका असतील तर विचारा. 40 दिवसांत त्यातले 17 टक्के सोडून गेले आणि बाकीच्यांचं उत्पादन वर आलंच नाही. दुसऱ्या गटांसोबत बसून खर्च का कमी करायचाय ते दाखवलं, नवीन पद्धत आणि दर ठरवताना कुठे गटाच्या प्रतिनिधींना तर कुठे सगळ्यांना सोबत घेतलं, ते गट लवकर सावरले आणि सगळ्यांना सोबत घेतलेले गट तर आधीपेक्षा साधारण 14 टक्के पुढे गेले, कोणी सोडून गेलं नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की त्या पहिल्या पडलेल्या गटातल्या उरलेल्या लोकांना काही महिन्यांनी दुसऱ्या कामावर याच सोबत घेण्याच्या पद्धतीने नेलं तर तेही पटकन वर आले. म्हणजे माणसं तीच होती.

यावर मालक लोक म्हणतात एवढा वेळ कुठे आहे. वेळ तर जातोच, आधी नाही तर नंतर. तीन महिने खोटा स्टॉक सांभाळण्यात आणि चुकीची खरेदी करण्यात जो वेळ आणि पैसा गेला तो कोणी मोजला नाही इतकंच.

ट्रेनिंगबद्दल पण बोलायला हवं कारण सगळा खर्च तिथेच होतो. अ‍ॅडकार म्हणून एक मॉडेल सध्या वर्कशॉपांमध्ये खूप दाखवतात, पाच पायऱ्या आहेत, बदल का हवा ते कळणं, मग तो आपल्यालाही हवासा वाटणं, मग माहिती, मग प्रत्यक्ष जमणं, आणि मग तो टिकवणं. मॉडेल वाईट नाहीये. पण मी बघते ते असं की पहिलीसाठी एक नोटीस लागते, दुसरी पायरी सरळ गाळली जाते आणि तिसरीवर सगळा पैसा खर्च होतो. दुसरी पायरी गाळली की पुढच्या ट्रेनिंगला माणसं एसी हॉलमध्ये बसून चहा पिऊन परत येतात. आणि त्याच वर्कशॉपांमध्ये "70 टक्के बदल फसतात" हा आकडा पडद्यावर येतो, तो कुठून आला हे शोधायला गेलं की ठोस काही हाती लागत नाही, 2011 मध्ये मार्क ह्यूज यांनी ते सगळे संदर्भ तपासून हेच लिहिलंय. असल्या आकड्यांनी घाबरून मालकाने महागडा सल्लागार घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

टप्प्यांबद्दल सांगायचं तर आपल्याच डोळ्यांसमोर दोन उदाहरणं झाली. जीएसटी 1 जुलै 2017 ला सगळ्यांवर एकदम आला, रिटर्नची जी तीन फॉर्मची साखळी ठरली होती त्यातले दोन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थांबवावे लागले आणि तात्पुरता म्हणून आणलेला 3बी फॉर्म आपण आजही भरतोय. ई-इनव्हॉइसचं तसं केलं नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना, जानेवारी 2021 ला 100 कोटी, एप्रिलमध्ये 50, मग एप्रिल 2022 ला 20, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 10 आणि ऑगस्ट 2023 ला 5 कोटी. आमच्याकडच्या 5-6 कोटीवाल्यांपर्यंत ते पोचलं तोवर सॉफ्टवेअरवाल्यांच्या चुका दुरुस्त झाल्या होत्या, मोठ्या गिऱ्हाइकांकडून ती बिलं कशी दिसतात ते माहीत झालं होतं, सियागंजातल्या मुनीमजींनी सुद्धा फार कुरकुर न करता घेतलं. कारखान्यात पण असंच, आधी एक लाइन, एक पाळी, एक गोडाऊन, आणि तिथली अडचण सुटल्याशिवाय पुढे नाही. फक्त जुनी वही आणि नवीन सिस्टिम दोन्ही चालू ठेवायची मुदत तारखेसकट आधीच सांगून टाकायची, नाहीतर दोन्ही कायमच्या चालू राहतात आणि माणसांवर डबल काम पडतं.

आपल्या शहराच्या स्वच्छतेचं कौतुक सगळे करतात, 2016 च्या सर्वेक्षणात 25 वा नंबर आणि 2017 ला पहिला. पण ते फक्त दंडाने झालं असं जे सांगतात त्यांनी आठवून बघावं की दारात ठरलेल्या वेळी गाडी यायला लागली म्हणून आपण कोपऱ्यावर कचरा टाकायचं सोडलं. काही वॉर्डांत आधी करून बघितलं, मग 85 वॉर्डांत नेलं. गाडी न देता नुसता दंड लावला असता तर लोकांनी रात्री गुपचूप टाकला असता.

आणि ज्यांचं जातं त्यांचा हिशोब आधी न करता बदल झाला तर काय होतं हे पण याच शहराने बघितलंय. हुकुमचंद कापड मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांचे पैसे मिळायला 25 डिसेंबर 2023 उजाडला, 224 कोटींचा चेक, 4,800 च्या आसपास कामगार. 32 वर्षं. कितीतरी जण तोवर हयात नव्हते. मिलच्या परिसरात वाढलेल्या घरांमध्ये आजही "मशीन बदलतंय" म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि तुमच्या आजच्या कारखान्यातली अर्धी माणसं त्याच घरांमधून येतात. ती अडून बसत नाहीयेत, त्यांना आठवतंय. पिथमपूरच्या गाड्यांचे इंजिनाचे पार्ट बनवणाऱ्या युनिट्सनी ईव्हीबद्दल (इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल) बोलताना हे लक्षात ठेवावं ही कळकळीची विनंती. कुठली लाइन कमी होऊ शकते, त्या लाइनवरच्या माणसांना दुसरं कोणतं काम शिकवणार, नाही जमलं तर ग्रॅच्युइटीची रक्कम बाजूला काढलीय का, हे मालकाने आधी लिहून काढावं आणि मग नवीन मशीनचं कोटेशन मागवावं.

सध्याचा ताजा विषय लेबर कोडचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कोड लागू झाले, त्यात वेतनाची व्याख्या बदलली, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा. कारखान्यांमध्ये एकच बातमी फिरतेय की पीएफ जास्त कापला जाऊन हातात येणारा पगार कमी होणार. ज्यांचा पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच कापला जातो त्यांना या कारणाने तसं काही होणार नाही हे कामगार मंत्रालयाने स्पष्ट केलंय, आणि ग्रॅच्युइटी उलट वाढू शकते. पण एका ठिकाणी मी बघितलं की इंग्रजीतली दोन पानी नोटीस गेटवर चिकटवलीय, आणि दुसऱ्या दिवशी पाच जण अ‍ॅडव्हान्स मागायला आले. तिथे मी एवढंच करायला सांगितलं की प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी काढा, डावीकडे जुना पगार, उजवीकडे नवीन, पीएफ किती, हातात किती, हिंदीत, आणि अकाउंट्सवाल्याने एकेकाला बसवून ती समजावून द्या. दोन दुपारी लागल्या.

अजून एक साधन सांगते, खर्च शून्य. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मांडलंय, प्रीमॉर्टेम म्हणतात. बदल चालू करायच्या आधी आपल्या चार-पाच महत्त्वाच्या माणसांना बसवायचं आणि म्हणायचं की समजा दिवाळी झालीये आणि आपलं हे सगळं पार फसलंय, आता प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहा का फसलं. नाव लिहायचं नाही. "फसेल का?" असं विचारलं तर मालकासमोर कोणी बोलत नाही, पण "फसलंय, का ते सांगा" म्हटलं की लोक मोकळे होतात कारण मग बोलणं म्हणजे विरोध राहत नाही. मी हे जिथे जिथे करवून घेतलं तिथे एक तरी चिठ्ठी अशी निघाली जी मालकाला माहीतच नव्हती. एकीकडे तर चिठ्ठी होती की मालकाचा मुलगा एक सांगतो आणि मालक दुसरं सांगतात, आम्ही कोणाचं ऐकायचं. वडील-मुलगा दोघे समोर बसले होते, दोघांनी ती वाचली, आणि त्याच दिवशी ठरलं की स्टोअर आणि खरेदी मुलगा बघणार, वडील त्यात बोलणार नाहीत. सॉफ्टवेअर त्याच्यानंतर घेतलं.

संपादक साहेब, आपल्याला एक विनंती आहे. मोठ्या कंपन्यांच्या सीईओंच्या मुलाखतींसोबत महिन्यातून एकदा तरी इंदूर, देवास, पिथमपूरच्या एखाद्या छोट्या मालकाला आणि त्याच्याच कारखान्यातल्या एका कामगाराला एकाच बदलाबद्दल बोलतं करा, दोघांचं म्हणणं शेजारी शेजारी छापा. नावं नको असतील तर नावं न देता छापा. आपल्या मराठी मंडळींची पण बरीच युनिट्स आहेत, गणेशोत्सवात आणि साहित्य सभेच्या कार्यक्रमांना हे लोक भेटतात, धंद्याच्या अडचणी एकमेकांना सांगतात पण कामगार त्या गप्पांमध्ये नसतो. माझ्या ओळखीचे दोन-तीन मालक बोलायला तयार आहेत, त्यातला एक तो रविवारी माल मोजणारा. आपण हो म्हणालात तर मी त्यांच्याशी आपली गाठ घालून देईन.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
सुदामा नगर, इंदूर